सात पोर्टचा हब, पण वीज एकाच पोर्टची

गेल्या अंकात आम्ही वाचकांना यूएसबी हबविषयीचे, म्हणजे संगणकाच्या एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीविषयीचे अनुभव आणि अडचणी कळवण्याचे आवाहन केले होते. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतून भरपूर पत्रे आली, आणि त्यांतील बहुतेक पत्रलेखक हब हौसेसाठी नव्हे, तर पोटापाण्याच्या कामासाठी वापरणारे आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण पत्रे वाचताना असे दिसले की दोष नेहमीच हबचा नसतो. पोर्ट वाढले म्हणजे वीज आणि वेगही वाढला, अशी जी समजूत करून घेतली जाते तिथे अनेक तक्रारींचे मूळ आहे.

प्रश्न : कोरेगाव तालुक्यात माझे सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, सात-बारा, निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले अशी कामे रोज चालतात. लॅपटॉपला दोनच पोर्ट असल्यामुळे सात पोर्टचा हब घेतला. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, वेबकॅम आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र हे सर्व त्यावरच आहे. लोक कागदपत्रे मोबाईलमध्ये घेऊन येतात, तेव्हा तो मोबाईलही हबलाच जोडतो. ठसा घेताना यंत्रातला दिवा अचानक विझतो, लॅपटॉपमधून यंत्र सुटल्याचा आवाज येतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. दुकानदाराने हब बदलून दिला तरी तेच. मला प्रिंटरचा संशय आहे. (केंद्रचालक, कोरेगाव)

उत्तर : प्रिंटरवरचा संशय आधी दूर करू. प्रिंटरला भिंतीवरच्या सॉकेटमधून स्वतःची वीज मिळते आणि यूएसबीच्या तारेतून तो जवळजवळ काहीच घेत नाही. आपल्या पत्रात जाता जाता उल्लेख आलेला मोबाईल हाच खरा खादाड आहे.

यूएसबी २.० च्या मानकानुसार संगणकाच्या एका पोर्टमधून ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, ३.० च्या पोर्टमधून ९००. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही, त्याला आपला खर्च यातूनच भागवावा लागतो आणि उरेल ते वाटावे लागते. २.० च्या मानकाने हा हिशेब सरळ मांडून ठेवला आहे : हबला १००, आणि प्रत्येक पोर्टला १००, म्हणजे अडॅप्टर नसलेल्या हबला फार तर चार पोर्ट. सात पोर्टचा विनाअडॅप्टर हब या हिशेबात बसतच नाही. असा हब उघडला तर आत बहुधा चार पोर्टच्या दोन चिप सापडतात. पहिलीचा एक पोर्ट दुसरीला जोडण्यात खर्ची पडतो आणि आपल्याला सात उरतात. दहा पोर्टच्या हबमध्ये अशाच तीन चिप असतात.

आता मोबाईल जोडला की तो एकटाच ५०० मिलिअँपिअर मागू शकतो. हबमधले व्होल्टेज खाली येते, आणि पाटाच्या टेलवरच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचे जे होते तेच दुसऱ्या चिपवर जोडलेल्या यंत्राचे होते. अडॅप्टर नसलेल्या हबच्या पोर्टवर व्होल्टेज ४.४ पर्यंत उतरले तरी मानकाला ते चालते. पण आपल्या यंत्राला ते चालेलच असे नाही, आणि त्याच्याही खाली उतरले तर यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते. आपल्याला ऐकू येणारा आवाज त्याचाच आहे. समोर बसलेल्या आजोबांच्या बोटांच्या रेषा शेतात राबून झिजलेल्या असतात, अंगठा धोतराला पुसून तीन-चार वेळा दाबल्यावर एकदाचा ठसा उमटू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांचा मोबाईल हबला लागतो. हब बदलून फरक पडला नाही, कारण दुकानदाराने त्याच जातीचा दुसरा हब दिला.

उपाय असा करावा. ठशांचे यंत्र लॅपटॉपच्या एका पोर्टला थेट जोडावे. मध्ये हब नको आणि लांबवणारी तारही नको. दुसऱ्या पोर्टला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावावा, आणि बाकी सर्व त्यावर घ्यावे. सात पोर्टना प्रत्येकी ५०० मिलिअँपिअर धरले तर साडेतीन अँपिअर होतात, तेव्हा अडॅप्टरवर ५ व्होल्ट, ४ अँपिअर असे लिहिलेले असेल तर निश्चिंत राहता येईल. पेटीवर मोठ्या अक्षरांत 'सात पोर्ट' आणि अडॅप्टरवर बारीक अक्षरांत '२ अँपिअर' असा प्रकार असेल तर तो हब खाली ठेवावा. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही हेही पाहावे. संगणक साहित्याच्या अडॅप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. अडॅप्टर इन्व्हर्टर किंवा यूपीएसच्या बोर्डावर घ्यावा, नाहीतर गावात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील आणि हब मात्र पुन्हा लॅपटॉपच्या एका पोर्टवर येऊन पडेल.

एक शंका उरते. हबवर मोबाईल नसतानाही आणि काम थांबलेले असतानाही यंत्र सुटत असेल, तर विंडोज वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवत असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' उघडून 'पॉवर मॅनेजमेंट' या भागातील, उपकरण बंद करण्याची संगणकाला मुभा देणारी खूण काढून टाकावी.

प्रश्न : मी सांगलीत कर सल्लागार आहे. बेदाणा आणि हळदीचे व्यापारी, काही छोट्या कंपन्या अशा पक्षकारांचे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (सहीचे प्रमाणपत्र साठवलेले, यूएसबी पोर्टला लावायचे छोटे उपकरण) माझ्याकडे असतात. ते सर्व एकाच हबवर लावून ठेवले तर सही करताना भलत्याच पक्षकाराचे प्रमाणपत्र पुढे येते. प्रत्येक पोर्टला वेगळे बटण असलेला हब घेतल्यास उपयोग होईल काय? (कर सल्लागार, मार्केट यार्ड परिसर, सांगली)

उत्तर : होईल, आणि बटणांच्या हबचा इतका चोख उपयोग दुसऱ्या कोणत्या व्यवसायाला क्वचितच होत असेल. ज्याची सही करायची त्याचेच बटण चालू ठेवावे. संगणकाला दुसरे टोकन दिसणारच नाही. सही पूर्ण होऊन पावती आल्याशिवाय मात्र बटण दाबू नये, कारण त्या बटणाने पोर्टची वीज तुटते आणि टोकन मधेच उपटल्यासारखे होते. घाईत एका टोकनचा पिन दुसऱ्याला देण्याचा प्रकारही यामुळे टळेल. ठरावीक वेळा चुकीचा पिन दिला की टोकन कुलूपबंद होते आणि पुढचा व्याप आपल्याला ठाऊकच आहे.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो. हबमध्ये रात्रंदिवस खोचून ठेवलेले टोकन म्हणजे पक्षकाराची सही टेबलावर उघडी टाकणे होय. काम झाले की टोकन हबमधून काढून कपाटात ठेवावे, आणि शक्यतो ते ज्याचे आहे त्याच्याच कपाटात.

प्रश्न : मी मिरजेत सतार शिकवतो. परगावच्या विद्यार्थ्यांसाठी एक कॅमेरा चेहऱ्यावर आणि दुसरा पडद्यांवर फिरणाऱ्या बोटांवर लावतो. माईक ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे माईकचा आवाज यूएसबीने संगणकाला देणाऱ्या पेटीतून घेतो. जुन्या हबवर दुसरा कॅमेरा सुरू होत नव्हता म्हणून निळ्या पोर्टचा ३.० हब घेतला. त्याचा वेग दहापट आहे असे सांगण्यात आले. तरीही दुसऱ्या कॅमेऱ्याच्या जागी काळी चौकट दिसते, आणि मींड घेत असताना आवाजात मधेच 'टक्' असे येते. दोन्ही कॅमेरे एकेकटे उत्तम चालतात. (सतारवादक, मिरज)

उत्तर : वेग दहापट आहे हे खरे. २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आणि ३.० चा ५ गिगाबिट. परंतु तो ज्या उपकरणांना मिळतो त्यांत आपले कॅमेरे नाहीत.

३.० चा हब म्हणजे एका डबीत बसवलेले दोन हब असतात. जुन्या यूएसबीच्या चार तारा तशाच ठेवून २००८ साली आलेल्या ३.० ने आणखी पाच तारा जोडल्या. ३.० चे उपकरण नव्या तारांवरून जाते, २.० चे उपकरण जुन्याच तारांवरून, आणि हब एकाचा माल दुसऱ्याच्या वाटेवर चढवून देत नाही. बाजारातील बहुतेक वेबकॅम आजही २.० चेच असतात. म्हणजे आपला हब निळा झाला, तरी दोन्ही कॅमेरे आणि बहुधा ऑडिओ इंटरफेसही त्याच ४८० मेगाबिटच्या वाटेने चालले आहेत.

आता त्या वाटेचा हिशेब पाहा. चित्र आणि ध्वनी यांची वाहतूक वेळेवर व्हावी लागते, म्हणून अशी उपकरणे सुरू होतानाच आपला वाटा आरक्षित करतात. मानकानुसार अशा आरक्षणासाठी ४८० पैकी ८० टक्के, म्हणजे ३८४ मेगाबिट एवढीच जागा उपलब्ध असते. एका कॅमेऱ्याला जास्तीत जास्त सुमारे १९६.६ मेगाबिटची मागणी नोंदवता येते, आणि अनेक कॅमेरे खरी गरज किती आहे हे न पाहता जवळजवळ तेवढीच नोंदवतात. दोघांचे मिळून ३९३ होतात. थोडक्यात हुकते, पण हुकते. पहिल्याला जागा मिळते आणि दुसऱ्याला नकार. काळी चौकट म्हणजे तो नकार आहे, कॅमेरा बिघडलेला नाही.

'टक्' आवाजाचे कारण याच्याच शेजारी आहे. फाईल पाठवताना एखादा तुकडा बिघडला तर यूएसबी तो पुन्हा मागून घेते. ध्वनीच्या प्रवाहात तशी सोय नाही, कारण पुन्हा मागवलेला तुकडा येईपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते. हुकलेला तुकडा कायमचा हुकतो, आणि तंतुवाद्याच्या लांबत जाणाऱ्या स्वरात ती फट जितकी स्पष्ट ऐकू येते तितकी बोलण्यात येत नाही.

तेव्हा ऑडिओ इंटरफेस संगणकाला थेट जोडावा, याबाबत तडजोड नको. एक कॅमेरा हबवर ठेवून दुसरा संगणकाच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून पाहावा. काही संगणकांत त्या पोर्टची वाट वेगळी असते. तसे नसेल, तर ज्या प्रणालीतून आपण वर्ग घेता तिच्यात कॅमेऱ्याचे चित्र 'एमजेपेग' या दाबून लहान केलेल्या स्वरूपात मागवता येते का ते पाहावे, किंवा चेहऱ्याचा कॅमेरा ६४० बाय ४८० वर आणावा. बोटांच्या कॅमेऱ्याचे चित्र मात्र कमी करू नये. शिकणाऱ्याला गुरूंच्या चेहऱ्यापेक्षा पडद्यावरची तार किती खेचली गेली हे दिसणे महत्त्वाचे आहे. तिसरा मार्ग म्हणजे बोटांसाठी खरोखर ३.० चा कॅमेरा घेणे. तो घेतला, तर आपला निळा हब प्रथमच कामी येईल.

अनुभव : महाबळेश्वरातील एका लॉजच्या व्यवस्थापकांनी कळवले आहे की स्वागतकक्षातील हबचे रिकामे पोर्ट दर पावसाळ्यानंतर निकामी होतात, वापरातले मात्र टिकतात. यात नवल नाही. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि महिनोन्‌महिने धुके असलेल्या गावात उघड्या पोर्टमधल्या पट्ट्यांवर ओल बसते, त्यावर धूळ बसते, आणि हबमध्ये वीज खेळती असल्यामुळे हिरवट गंज लवकर धरतो. आत खोचलेली पिन तेवढी जागा झाकून ठेवते. रबरी टोप्या दहा-वीस रुपयांत मिळतात. हलका गंज हबची वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पण पट्टी खाल्ली गेली असेल तर हब टाकून द्यावा.

प्रश्न : साताऱ्यात राजवाड्याजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत ३.० च्या हबवरून हार्ड डिस्कमध्ये फोटो उतरवत असताना वायरलेस माऊस अडखळत चालतो. बॅटरी बदलली, माऊसही बदलला. (छायाचित्रकार, सातारा)

उत्तर : माऊस निर्दोष आहे. ३.० ची वाहतूक सुरू असताना हब, तार आणि डिस्क यांच्यातून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, त्याचा काही भाग २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो, आणि आपल्या माऊसचा छोटा रिसीव्हर नेमका याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलने २०१२ मध्ये या त्रासावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले होते. रिसीव्हर हबवर, डिस्कच्या शेजारी लावलेला असेल तर त्याला माऊसचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. तो तिथून काढून हातभर लांब तारेने माऊसजवळ आणून ठेवावा. एवढ्याने बहुतेकांचा प्रश्न सुटतो. फोटो उतरताना वाय-फाय मंदावत असेल तर कारण हेच, आणि राऊटर ५ गिगाहर्ट्‌झवर नेल्यास तेही सुटेल. शक्य असेल तर स्टुडिओत तारेचा माऊस वापरावा, असे माझे मत आहे. लग्नाचे फोटो निवडताना माऊस खिशात घालून कोणी हिंडत नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट आहेत. चार्जिंग, एचडीएमआय आणि तीन यूएसबी पोर्ट असलेला हब घेतला. टीव्हीवर चित्र तुटक दिसते, लॅपटॉप सावकाश चार्ज होतो, आणि वीज गेली किंवा आली की हबवरची हार्ड डिस्क सुटते. त्यात एकदा प्रकल्पाची फाईल खराब झाली. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, म्हणून ती आधी घेतो. चार्जर हबमधून लॅपटॉपला वीज देत असतो तेव्हा कोणी कोणाला किती वीज द्यायची याचा करार ठरलेला असतो. घरातली वीज गेली की तो मोडतो आणि नवा ठरतो, आता लॅपटॉप हबला वीज देणार. या अदलाबदलीत अनेक हब क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतात. आपल्याला ते जाणवतही नाही, पण लिहिण्याच्या मध्यावर असलेल्या डिस्कला तो क्षण पुरेसा असतो. त्यामुळे डिस्कवर काही उतरवत असताना चार्जर लॅपटॉपच्या दुसऱ्या टाइप-सी पोर्टला लावावा आणि हबला केवळ हब राहू द्यावे. दुसऱ्या पोर्टमधून चार्जिंग होत नसेल, तर डिस्क त्या पोर्टला थेट जोडावी.

चित्राचे कारण असे. टाइप-सीच्या तारेत वेगवान वाहतुकीच्या चार वाटा असतात. हबने ३.० च्या पोर्टसाठी दोन घेतल्या की चित्राला दोनच उरतात, आणि डिस्प्लेपोर्ट या चित्र वाहून नेणाऱ्या मानकाच्या १.२ आवृत्तीच्या वेगाने त्यांतून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. माऊसचा बाण तुटक सरकतो तो यामुळेच. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील, तर त्याच दोन वाटांवर ६० मिळू शकतात. नवा हब घेण्याआधी टीव्हीवरचे चित्र १०८० वर आणून पाहा. साध्या सादरीकरणाला तेवढे पुरते.

चार्जिंगबाबत एवढेच, की हबवरचा '१०० वॅट' हा आकडा तो आत किती घेऊ शकतो याचा आहे. त्यातील काही वॅट तो स्वतःसाठी आणि आपल्या पोर्टसाठी राखून ठेवतो. ६५ वॅटचा चार्जर लावल्यास लॅपटॉपपर्यंत ६५ पोहोचणार नाहीत.

प्रश्न : एका हबला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे किती हब जोडता येतात? घरी जुने हब बरेच साठले आहेत. (निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर : गुरुजी, संगणक आणि उपकरण यांच्यामध्ये सलग पाच हब चालतात, सहावा नाही, आणि एका व्यवस्थेत एकूण १२७ उपकरणे, ज्यांत हबही मोजले जातात. हबच्या आत दोन चिप असतील तर तो एकटाच दोन पायऱ्या खातो, हे लक्षात असू द्यावे. यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये आले. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आहेत, ही माहिती आपल्यासारख्या शिक्षकाला आवडेल. साठलेल्या हबपैकी अडॅप्टर असलेला एक ठेवावा आणि उरलेले ई-कचऱ्यात द्यावेत.

प्रश्न : अडॅप्टरचा हब लावल्यापासून संगणक बंद केला तरी कॅबिनेटवरचा दिवा मंद जळत राहतो, आणि कधी कधी संगणक पहिल्या फटक्यात सुरू होत नाही. हे धोक्याचे आहे काय? (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर : आहे. हबच्या अडॅप्टरची वीज हबवरच्या उपकरणांकडे जावी, संगणकाकडे नव्हे. मानकात तशी सक्त मनाई आहे. स्वस्त हबमध्ये ही उलटी वीज अडवणारा भाग काही पैशांसाठी गाळला जातो, आणि मग बंद संगणकाच्या मदरबोर्डमध्ये ५ व्होल्ट शिरत राहतात. खात्री करायची असेल तर अडॅप्टर चालू ठेवून हबची संगणकाकडची तार उपसावी आणि तिच्या मोकळ्या टोकाच्या बाहेरच्या दोन पट्ट्यांवर इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून घ्यावा; तिथे व्होल्टेज दिसता कामा नये. दिसले, तर हब हमीच्या मुदतीत असल्यास हा एकच दोष दाखवून परत करावा, आणि दिवा बारीकच आहे, चालून जाईल, असे विक्रेत्याने कितीही सांगितले तरी ऐकू नये. दुसरा हब येईपर्यंत संगणक बंद केल्यावर हबचा अडॅप्टरही भिंतीवरच्या बटणाने बंद करत जावा.